सॉस दाट करायचाय आणि कॉर्नफ्लोर संपलंय: कशाच्या जागी काय, किती आणि केव्हा

कॉर्नफ्लोरऐवजी मैदा चालेल का? चालेल. आरारूट? तेही चालेल. बटाट्याचा स्टार्च, तांदळाची पिठी, अंड्याचा बलक, काजूची पेस्ट, शिजवून वाटलेला कांदा, यातलं प्रत्येक कुठल्या ना कुठल्या सॉसमध्ये चालतंच. घोळ होतो तो इथेच. ‘एक चमचा याच्या जागी दोन चमचे ते’ अशी यादी पाहून पर्याय घातला की सॉस दाट होतो खरा, पण दुधाचा सॉस बुळबुळीत लागतो, तुकतुकीत सॉसवर मळकट छटा येते, किंवा रात्री झकास जमलेला सॉस सकाळी फ्रिजमधून काढावा तर त्याच्या कडेने पाणी सुटलेलं असतं. यादीतली मापं बहुतेक वेळा बरोबरच असतात. पण माप हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. मूळचा पदार्थ त्या सॉसमध्ये नेमकं काय करत होता, हे यादी सांगत नाही.

म्हणून इथे आधी सॉस ओळखायचा, मग पर्याय निवडायचा आणि माप त्यानंतर काढायचं, असा क्रम ठेवला आहे. मापं सगळीकडे एकच आहेत: कप २४० मिली, मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली. चमचे सपाट भरायचे, शीग लावून नाही.

पायरी १: खरंच काही घालायला हवंय का?

आचेवर उकळणारा सॉस नेहमी असतो त्यापेक्षा पातळ दिसतो. पीठ किंवा स्टार्च घातलेला सॉस निवताना आणखी दाट होतो. त्यामुळे पातेल्यात ‘अगदी हवा तसा’ दिसणारा सॉस वाढेपर्यंत घट्ट होऊन बसतो. आचेवर असताना तो हव्यापेक्षा थोडा सैलच असू द्या.

दाटपणा जोखायला चमचा बुडवून काढा आणि त्याची मागची बाजू बघा. तिथे सॉसचा एकसारखा थर राहिला पाहिजे. त्या थरातून बोट ओढा. रेघ तशीच राहिली, दोन्ही कडा ओघळून एकमेकींना मिळाल्या नाहीत, तर सॉस झाला. निवल्यावर तो कसा होईल ते बघायचं असेल तर गार बशीवर चमचाभर टाका आणि मिनिटभराने बशी तिरकी करा.

तरीही पातळच वाटला, तर पहिला पर्याय म्हणजे काहीच न घालता आटवणं. मला विचाराल तर हा पर्याय लोक फार लवकर सोडून देतात. पाणी उडून जाण्याचा वेग भांड्याच्या तोंडावर अवलंबून असतो. उभ्या, अरुंद पातेल्यात अर्धा तास घेणारं काम पसरट पॅनमध्ये त्याच्या काही अंशातच होतं. झाकण काढा, सॉस पसरट भांड्यात ओता, आच मध्यमच्या थोडी वर ठेवा आणि अधूनमधून तळ ढवळा. टोमॅटोचा सॉस, मांसाचा किंवा हाडांचा स्टॉक, फळांचा रस घातलेले गोड सॉस यांना आटवण्याने जी चव येते ती कुठलंही पीठ देत नाही.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाणी उडतं, मीठ उडत नाही. सॉस निम्मा झाला की खारटपणा दुप्पट होतो, म्हणून आटवायच्या सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी घाला. दुसरं, आटून दाट होण्यासारखं काही त्यात मुळात असावं लागतं. हाडं आणि सांधे कित्येक तास शिजवून केलेल्या स्टॉकमध्ये जिलेटिन उतरलेलं असतं, तो आटला की ओठांना चिकटेल इतका दाट होतो. स्टॉकची वडी विरघळवलेलं पाणी आटवलं तर फक्त खारट पाणी उरतं. त्याला बाहेरूनच काहीतरी घालावं लागेल.

पायरी २: सॉसला प्रश्न विचारा

हातात डबा घेण्याआधी सॉसकडे बघून हे ठरवा. तो आंबट आहे का, म्हणजे त्यात टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, वाइन, दही यांतलं काही आहे का? दूध किंवा क्रीम आहे का? दाट केल्यावर तो किती वेळ आचेवर राहणार? पारदर्शक, चमकदार दिसायला हवा की दुधाळ, अपारदर्शक चालेल? आजच संपणार की उरणार, आणि उरला तर फ्रिजमध्ये की फ्रीजरमध्ये? शेवटचा प्रश्न खाणाऱ्यांचा. कुणाला ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन), अंडं, सुका मेवा किंवा दूध वर्ज्य आहे का?

या उत्तरांवर निम्मी यादी आपोआप गळते. उरलेल्यातून निवडताना मात्र दाट करणाऱ्या पदार्थांचे स्वभाव माहीत असावे लागतात.

पायरी ३: पर्याय निवडा

*स्टार्चची दोन घराणी*

पिठातला स्टार्च बारीक कणांच्या रूपात असतो. थंड पाण्यात हे कण नुसते तरंगतात, ठेवले की तळाशी बसतात. पाणी तापलं की ते पाणी शोषून फुगतात, त्यांतून लांब साखळ्यांचे रेणू बाहेर पडतात आणि मोकळं पाणी अडकून पडतं. दाटपणा तो हाच.

मका, गहू, तांदूळ यांचा स्टार्च एका घराण्याचा. त्याला पूर्ण फुगायला जास्त उष्णता लागते, जवळजवळ उकळीपर्यंत जावं लागतं. एकदा शिजला की तो बऱ्यापैकी टिकतो, अपारदर्शक दिसतो आणि निवल्यावर चांगलाच घट्ट होतो. बटाटा, टॅपिओका (साबुदाणा ज्याचा करतात तो कसावा कंदाचा स्टार्च), आरारूट हे कंदमुळांचं घराणं. हे कण उकळीच्या बरेच आधी, साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास फुगू लागतात. सॉस पारदर्शक आणि तकतकीत होतो, कच्चट चव जवळपास नसते. पण फुगलेले कण नाजूक असतात. जोरात उकळले किंवा फार घोटले की फुटतात आणि सॉस पुन्हा सैल पडतो.

म्हणजे तासभर शिजायचा रस्सा दाट करायचा असेल तर मैदा. वाढण्याच्या दोन मिनिटं आधी सुधारणा करायची असेल तर आरारूट किंवा बटाट्याचा स्टार्च. उलट केलं तर पहिला पातळ पडेल आणि दुसरा पिठूळ लागेल.

आता एकेक.

मैद्यात स्टार्च साधारण तीन-चतुर्थांशच असतो, बाकी प्रथिनं वगैरे. म्हणून कॉर्नफ्लोरच्या दुप्पट मैदा लागतो. त्याची कच्ची चव जायला उकळी फुटल्यावर निदान पाच मिनिटं मंद आचेवर शिजवावं लागतं. चकाकी येत नाही. दुधाच्या सॉसला ती नकोच असते, त्यामुळे तिथे मैदा कॉर्नफ्लोरपेक्षा सरस.

आरारूट पारदर्शक फळांच्या सॉसला आणि आंबट सॉसला उत्तम. दुधात मात्र ते घालू नका. दुधाबरोबर त्याला बुळबुळीतपणा येतो आणि तो दुरुस्त होत नाही.

बटाट्याचा स्टार्च ताकदीने कॉर्नफ्लोरच्या बरोबरीचा, किंचित जास्तच. घालून उकळी येऊ लागली की आच बंद करा. तो घेताना पाकीट नीट वाचा. बटाट्याचा स्टार्च आणि बटाट्याचं पीठ या वेगळ्या वस्तू आहेत. पीठ अख्खा बटाटा शिजवून, वाळवून दळलेलं असतं, त्याला बटाट्याची चव असते आणि त्याने सॉस चटकन चिकट होतो. तसंच कॉर्नफ्लोर आणि मक्याच्या पिठाचं. पांढरंशुभ्र, बोटांत चोळलं की करकरणारं ते कॉर्नफ्लोर. पिवळसर, रवाळ ते मक्याचं पीठ. त्याने सॉस दाट होतो, पण कणीदार राहतो.

टॅपिओका स्टार्च थोडा जास्त लागतो आणि जास्त झाला तर सॉसला तार सुटते. त्याचा मोठा गुण पुढे गोठवण्याच्या भागात येईल. तांदळाची पिठी अगदी बारीक दळलेली असेल तरच घ्या. ती ग्लूटेनमुक्त आहे, दुधाच्या सॉसमध्ये छान मिसळते आणि लोण्यात परतूनही वापरता येते. बेसनाने सॉस दाट होतो, पण चव लपत नाही. मसालेदार रश्शात ती खपते, पांढऱ्या सॉसमध्ये खुपते.

डब्यात कस्टर्ड पावडर असेल तर तीही मोजा. ती बहुतांशी कॉर्नफ्लोरच असते, वर रंग आणि व्हॅनिलाचा स्वाद. गोड सॉसमध्ये कॉर्नफ्लोरच्या जागी तेवढीच घाला. तिखटामिठाच्या सॉसपासून तिला लांब ठेवा.

*लोण्यात भाजलेलं पीठ*

मैदा आणि लोणी किंवा तेल समसमान घेऊन भाजलं की जे तयार होतं त्याला फ्रेंच स्वयंपाकात रू म्हणतात. पिठाच्या प्रत्येक कणाभोवती स्निग्धांश बसतो, म्हणून गुठळ्या होत नाहीत, आणि भाजल्यामुळे कच्चट चव आधीच गेलेली असते. पांढऱ्या सॉससाठी दोन-तीन मिनिटं, रंग न बदलता. फिकट बदामी रंगासाठी त्याच्या दुप्पट वेळ. गडद तपकिरी हवा असेल तर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्तही, एकसारखं हलवत.

रंग जितका गडद तितकी चव खमंग, पण दाट करण्याची ताकद तितकी कमी. भाजताना स्टार्चच्या साखळ्या तुटतात, हे त्याचं कारण. पांढऱ्या रूची जागा तपकिरी रूला द्यायची असेल तर दीडपट किंवा थोडं जास्तच धरून चाला. लोण्याऐवजी तेल, मैद्याऐवजी तांदळाची पिठी, हे दोन्ही बदल इथे बिनदिक्कत चालतात. कॉर्नफ्लोर मात्र रूसाठी घेऊ नये. त्यात प्रथिनं नसल्यासारखीच असतात, त्यामुळे भाजल्याचा खमंगपणा येत नाही, आणि त्याला थंड पाण्यात कालवून घालणं अधिक सोपं असतं.

सॉस तयार झाल्यावर तो पातळ आहे असं लक्षात आलं, तर मऊ लोणी आणि मैदा सारख्या प्रमाणात बोटांनी मळून घ्या आणि वाटाण्याएवढे तुकडे उकळत्या सॉसमध्ये एकेक सोडत ढवळा. लोणी वितळत जातं तसं पीठ कणाकणाने सुटतं. इथे पीठ कच्चं असतं, म्हणून नंतर चार-पाच मिनिटं शिजवायचं.

*अंड्याचा बलक*

बलक दाटपणाबरोबर मखमली स्निग्धपणा देतो. अडचण एकच, बलक सरळ गरम सॉसमध्ये टाकला की त्याचे धागे होतात. वाडग्यात बलक फेटा, असल्यास दोन चमचे क्रीम मिसळा, मग गरम सॉस पळीपळीने त्यात ओता आणि ढवळत राहा. साधारण कपभर सॉस गेल्यावर वाडग्यातलं सगळं पातेल्यात परत ओता. आता आच अगदी मंद. सॉस चमच्याला धरू लागला की उतरवा. ८० अंशांच्या वर गेला की तो फुटण्याच्या वाटेवर असतो.

सॉसमध्ये पीठ किंवा कॉर्नफ्लोर असेल तर मात्र नियम उलटतो. स्टार्च बलकातल्या प्रथिनांना गोळा होऊ देत नाही, म्हणून असा सॉस उकळता येतो. नुसता येत नाही, तो उकळायलाच हवा. कच्च्या बलकात स्टार्च तोडणारं एंझाइम असतं. ते उकळीने नष्ट केलं नाही तर छान दाट झालेलं कस्टर्ड फ्रिजमध्ये काही तासांत पातळ होतं. लोक दोष कॉर्नफ्लोरला देतात.

*भाज्या, डाळी, पाव, सुका मेवा*

पिठांच्या आधीही सॉस दाट होतच होते. मध्ययुगीन युरोपात भिजवलेला पाव आणि दळलेले बदाम यांनीच ते दाट करत. मैदा लोण्यात भाजण्याची पद्धत तिथे १७व्या शतकात रुळू लागली. हे जुने पर्याय मला अजूनही पुष्कळदा पिठापेक्षा चांगले वाटतात. ते सॉसला चव देतात, स्टार्च नुसता भार देतो.

त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे पातेल्यातलंच थोडं काढून वाटणं. रश्शात शिजलेला कांदा, गाजर, भोपळा, फ्लॉवर, कडधान्य किंवा डाळ यांतली दोन पळ्या काढा, मिक्सरमधून फिरवा, परत ओता. ग्लूटेन नाही, दूध नाही, वेगळी चव नाही, कारण जे घातलं ते त्याच सॉसचं आहे. गरम पदार्थ मिक्सरमध्ये अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि झाकण घट्ट दाबू नका. वाफेने ते उडतं. थोडी फट ठेवून वर कापड धरा. बटाटा मात्र मिक्सरमधून काढू नका. त्याचा स्टार्च मोकळा होऊन डिंकासारखा चिकट होतो. तो चमच्याने कुस्करा किंवा गाळणीवर घासून घाला.

पावाच्या कडा काढून आतला भाग सॉसमध्येच भिजवून घोटला की दहा मिनिटांत विरतो. शिळा पाव ताज्यापेक्षा चांगला. बारीक दळलेले ओट्सही असंच काम करतात, फक्त थोडा निसरडेपणा येतो.

काजू किंवा सोललेले बदाम गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, थोड्याच पाण्यात गंधासारखे वाटा. कण राहिले तर ते जिभेला लागतात, म्हणून वाटण्यात कसूर नको. ही पेस्ट घातल्यावर सॉस तळाला फार लवकर लागतो. आच मंद आणि चमचा तळाला घासत राहिला पाहिजे. फार वेळ उकळलं की तेल सुटून वर येतं. काही सॉसमध्ये ते हवंच असतं. नको असेल तर पेस्ट शेवटच्या पाच-सात मिनिटांत घाला.

*दही, क्रीम, चीज*

दही तापलं की फुटतं, कारण ते आधीच आंबट असतं आणि उष्णतेने त्यातली प्रथिनं आवळली जातात. कपभर दह्यात छोटा चमचाभर कॉर्नफ्लोर किंवा मैदा फेटा, दही फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरू नका, आणि बलकासारखंच आधी थोडा गरम सॉस त्यात मिसळून मग पातेल्यात घाला. क्रीममध्ये स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ते उकळून आटवलं तरी फुटत नाही. कमी स्निग्धांशाचं क्रीम आंबट सॉसमध्ये हमखास दगा देतं, तिथेही चिमूटभर स्टार्चचा आधार द्या. चीज वितळवून सॉस दाट करायचा असेल तर चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असू द्या, म्हणजे २०० ग्रॅमला ५ ग्रॅम. किसलेल्या चीजला तो चोळा आणि मंद आचेवर, शक्यतो आच बंद करून, थोडं थोडं मिसळा. त्याने चीजचे चिवट गोळे होत नाहीत.

*गम*

झँथन गम हा जिवाणूंकडून आंबवून मिळवलेला पदार्थ आहे. अमेरिकेत १९६९मध्ये त्याला खाद्यपदार्थांत वापरायची परवानगी मिळाली. तो थंड सॉसही दाट करतो, आंबटपणाने किंवा गोठवण्याने त्याचं काही बिघडत नाही. न शिजवायच्या सॅलडच्या सॉससाठी दुसरं इतकं सोयीचं काही नाही. पण लागतो चिमूटभर. थोडा जास्त झाला की सॉस शेंबडासारखा ओघळतो, दुसरा सभ्य शब्द नाही. गवारीच्या बियांपासून केलेला गवार गम जवळपास तसाच वागतो. दोन्ही आधी छोटा चमचाभर तेलात कालवून मग सॉसमध्ये घाला, नाहीतर गुठळ्या अटळ.

अगर (समुद्री शेवाळापासून काढलेला) आणि जिलेटिन हे मात्र गरम सॉस दाट करायचे पर्याय नव्हेत. ते पदार्थ गोठवून जेली करतात. गरम असताना सॉस पातळच राहील.

पायरी ४: माप

कपभर पातळ सॉस मध्यम दाट करायला साधारण इतकं लागतं:

- कॉर्नफ्लोर: १ मोठा चमचा
- मैदा: २ मोठे चमचे (रू करत असाल तर बरोबर २ मोठे चमचे लोणी किंवा तेल)
- बटाट्याचा स्टार्च किंवा आरारूट: पाऊण ते १ मोठा चमचा
- टॅपिओका स्टार्च: दीड ते २ मोठे चमचे
- तांदळाची पिठी किंवा बेसन: २ मोठे चमचे
- अंड्याचा बलक: २
- काजू किंवा बदाम: पाव कप, भिजवण्याआधी मोजून
- झँथन गम: छोट्या चमच्याचा आठवा हिस्सा, फार तर पाव

ही सुरुवातीची मापं आहेत. प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश घालून थांबा, शिजू द्या, बघा, मग उरलेलं घाला. सॉस खूप गोड असेल तर स्टार्च थोडा जास्त लागतो, कारण साखर त्याच्या वाट्याचं पाणी पळवते. आंबट सॉस बराच वेळ शिजवलात तर आम्लाने स्टार्चच्या साखळ्या तुटतात आणि दाटपणा उतरतो. त्यावर माप वाढवण्यापेक्षा सोपा उपाय आहे: आधी सॉस दाट करा आणि लिंबू किंवा व्हिनेगर आच बंद केल्यावर घाला.

पायरी ५: घालायची रीत

स्टार्च कधीही कोरडा गरम सॉसमध्ये टाकू नका. बाहेरचे कण क्षणात फुगून एक थर तयार होतो, आत पाणी पोचतच नाही आणि कोरड्या पिठाची गुठळी राहते. म्हणून एक भाग स्टार्चला दोन भाग थंड पाणी घेऊन वाटीत कालवा. गरम पाणी नको, तिथेच गुठळ्या होतील. कालवलेलं मिश्रण दोन मिनिटं जरी ठेवलं तरी स्टार्च तळाशी बसतो, म्हणून ओतण्याच्या आधी पुन्हा ढवळा.

सॉस हलका उकळत असू द्या. एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने मिश्रण बारीक धारेने सोडा. कॉर्नफ्लोर असेल तर पुन्हा उकळी फुटू द्या आणि मिनिटभर तशीच ठेवा. कंदांचा स्टार्च असेल तर सॉस पारदर्शक होऊन दाट झाला की लगेच उतरवा. मैदा कालवून घातला असेल तर पाच मिनिटं मंद आचेवर. दाट झाल्यावर घोटत बसू नका, फुगलेले कण त्यानेही फुटतात.

रूमध्ये द्रव घालताना उलट संयम लागतो. पहिलं पळीभर घाला आणि गुळगुळीत होईपर्यंत घोटा. तो घट्ट गोळा होतो, घाबरू नका. दुसरी पळी, पुन्हा घोटा. तिसऱ्या-चौथ्या पळीनंतर उरलेलं एकदम ओतलं तरी चालतं.

आणि चाखलेला चमचा परत पातेल्यात बुडवू नका. स्वच्छतेचं सोडा, लाळेतही स्टार्च तोडणारं एंझाइम असतं. निवत आलेला, तासभर ठेवायचा सॉस त्याने पातळ होऊ शकतो.

बिघडलं तर

गुठळ्या झाल्या तर आधी गाळून घ्या, आणि गुठळ्या खूप असतील तर मिक्सरमधून काही सेकंद फिरवून मग गाळा. धान्याचा स्टार्च हे सोसतो, कंदाचा सोसेल याची खात्री नाही. फार दाट झाला तर पाणी नाही, गरम स्टॉक किंवा दूध, जे सॉसचं मूळ असेल ते, थोडं थोडं घाला आणि मीठ पुन्हा बघा.

पिठूळ चव राहिली तर ती शिजवूनच जाते, मसाला घालून झाकत नाही. थोडा द्रव घाला आणि आणखी पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवा. बलक फुटून दाणे दिसू लागले तर पातेलं लगेच थंड पाण्याच्या परातीत ठेवा, चमचाभर थंड क्रीम घालून जोरात फेटा, मग गाळा. नुकतंच फुटू लागलेलं असेल तर सावरतं. पूर्ण फुटलं असेल तर ते अंड्याची भुर्जी झालेलं आहे, तिथे वेळ घालवू नका. बुळबुळीत झालेल्या सॉसवरही इलाज नाही. अर्धा बाजूला काढून उरलेल्यात तेवढंच दूध किंवा स्टॉक घालून सैल करणं, इतकंच हातात असतं.

उरलेला सॉस

सॉस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दाट सॉस आतून सावकाश निवतो, म्हणून खोल भांड्याऐवजी पसरट डब्यात काढा. सकाळी तो घट्ट गोळा दिसला तर बिघडला असं समजू नका. थोडं दूध किंवा स्टॉक घालून मंद आचेवर ढवळला की मोकळा होतो. चांगली वाफ येऊन उकळी फुटेपर्यंत गरम करा. पिठाशिवाय नुसत्या बलकाने दाट केलेला सॉस याला अपवाद, तो उकळला की फुटतो. तो त्याच दिवशी संपवलेला बरा.

फ्रीजर हा मैद्याच्या आणि कॉर्नफ्लोरच्या सॉसचा शत्रू. गोठताना स्टार्चचे रेणू एकमेकांना घट्ट बिलगतात आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतात. वितळल्यावर स्पंजासारखा गोळा आणि बाजूला पाणी असा प्रकार दिसतो. गरम करून फेटल्यावर काही अंशी जुळतो, पूर्वीसारखा होत नाही. टॅपिओका हे पुष्कळ चांगलं सोसतो, वाटलेल्या भाज्यांचा किंवा डाळीचा सॉस त्याहून बिनघोर. पण ताजं शिजवतानाच माहीत असेल की निम्मा सॉस गोठवायचा आहे, तर तो निम्मा दाट करण्याआधीच बाजूला काढा, तसाच पातळ गोठवा, डब्यावर ‘दाट केलेला नाही’ असं लिहा आणि सॉस वितळवून गरम केल्यावर मग त्यात कॉर्नफ्लोर घाला.